परातीवरची लाल रेघ

पगारेभाऊंशी माझी खरी ओळख भांडणातून झाली. जेल रोडच्या एकाच इमारतीत आम्ही वर-खाली राहत होतो. जिन्यात दिसले की ते "जय भीम, ताई" म्हणायचे, मीही "जय भीम" म्हणून पुढे व्हायचे, यापलीकडे काही नाही. पण त्या फेब्रुवारीत मी खिडकीच्या ग्रिलमध्ये बटाट्याचा कीस वाळत घातला आणि त्यावर वरून पाणी पडायला लागलं. पहिल्यांदा मी सोडून दिलं. पुन्हा पडलं तेव्हा नुसतं वर बघून ओरडले. तरीही पडलं, तेव्हा मात्र माझं पित्त खवळलं. शाळेच्या ऑफिसात अख्खी नोकरी काढलेली बाई मी, आवाज चढवायला मला वेगळी तयारी लागत नाही. ओला कीस ताटात घेतला, पुरावा म्हणून, आणि तशीच वर गेले.

दार उघडंच होतं. समोर हॉलमध्ये भिंतीला लागून लोखंडी कॉट, कॉटवर त्यांची बायको चंद्रभागाबाई उशीला टेकून बसलेली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली फळीवर बुद्धाची पांढरी मूर्ती. आणि खिडकीच्या कट्ट्यावर एक मोठी स्टीलची परात, परातीत पाणी, पाण्यात एक पसरट चिनी मातीची कुंडी आणि त्या कुंडीत जेमतेम वीतभर उंचीचं पिंपळाचं झाड. खोड मात्र चांगलं मनगटाएवढं जाड, म्हाताऱ्या माणसासारखं गाठीगाठीचं. पगारेभाऊ हातात पाण्याचा जग घेऊन त्याच्यापुढे उभे होते. माझं ताट बघून त्यांना वाटलं मी काही खायला आणलंय.

मी मनात जुळवून आणलेलं सगळं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग परातीकडे बोट करून म्हणाले, "त्याचं असं हे ताई, लेव्हल राखायची म्हणजे थोडं वर जातंच."

परातीच्या आतल्या बाजूला नेलपेंटची लाल रेघ ओढलेली होती. पाणी त्या रेघेच्या खाली जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा नियम. सकाळी, दुपारी, संध्याकाळी भरायचं. झाडाच्या मुळाशीही घालायचं, परातीतही घालायचं, आणि जे जास्त व्हायचं ते खिडकीतून माझ्या किसावर.

झुंबर पगारे हा माणूस समजायचा तर आधी एकलहऱ्याचं वीजकेंद्र समजायला हवं. आमच्या गच्चीवरून त्याच्या चिमण्या दिसतात. देवळा तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेला हा पोरगा तिथं हेल्पर म्हणून चिकटला आणि बॉयलर ऑपरेटर होऊन निवृत्त झाला. बॉयलरच्या वर पाण्याचं एक मोठं पिंप असतं, त्याला ते ड्रम म्हणतात. त्या ड्रममधली पाण्याची पातळी बघत राहणं हे यांचं आयुष्यभराचं काम. पाणी कमी झालं की आतले पाइप लाल होऊन फुटतात, सगळं बंद पडतं, अर्ध्या जिल्ह्यात अंधार. लग्नात, बारशात, कुठंही बसले तरी बोलता बोलता ते ड्रम लेव्हलवर यायचेच. ऐकणारे जांभया द्यायचे. घरची टाकी कधी रिकामी झाली नाही, सोसायटीची होऊ दिली नाही. पाणी कमी पडणं या गोष्टीची त्या माणसाला मनापासून भीती होती.

आणि बायको केली ती मनमाडची. चंद्रभागाबाईंचे वडील रेल्वेत गँगमन. मनमाडचं पाणी कसं येतं ते मनमाडवाल्यांना विचारावं. नळाला पाणी आलं की शाळा सोडून पळत घरी यायचं, हंडे, बादल्या, डबे, वाट्यासुद्धा भरून ठेवायच्या, हे त्यांचं लहानपण. लग्न होऊन वीजकेंद्राच्या कॉलनीत आल्या आणि नळाला दिवसभर पाणी बघून पहिले काही दिवस नळ उघडायच्या, बंद करायच्या, पुन्हा उघडायच्या. हे त्यांनीच मला सांगितलं. "माणूस बरा का वाईट ते नंतर बघू म्हटलं, नळ तर चांगला हे," असं म्हणून हसल्या होत्या.

त्या बाईला आता दिवसाला एक बाटली पाणी.

मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. प्यायलेलं पाणी बाहेर पडायला वाटच नाही, म्हणून जेवढं कमी तेवढं बरं, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. चहा त्यातच, औषधाचा घोट त्यातच, आमटीचं पाणीही त्यातच धरायचं. त्या बाटलीवरही त्याच नेलपेंटची लाल रेघ होती. बाटलीवरची रेघ होती ती पाणी तिच्यावर जाऊ नये म्हणून, परातीवरची होती ती पाणी तिच्याखाली जाऊ नये म्हणून. दोन्ही रेघा पगारेभाऊंनीच ओढलेल्या. बायकोला पाणी मोजून द्यायचं काम या माणसाच्या वाट्याला यावं, याचा मला आजही राग येतो. कुणावर ते कळत नाही.

झाड आणलं होतं त्यांच्या मुलीनं, तेजलनं. ती पुण्याला नोकरीला. त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी बोधिवृक्षाचं रोप लागलं तेव्हापासून चंद्रभागाबाईंना बुद्धपौर्णिमेला तिथं जाऊन मेणबत्ती लावायची होती. पण वैशाखाचं ऊन, ती गर्दी, आणि आदल्या दिवशी डायलिसिस झालं की बाईंना मोरीपर्यंत जायचं त्राण उरत नसे. मग तेजलनं गंगापूर रोडच्या नर्सरीतून हा बोन्सायचा पिंपळ आणला आणि आईच्या कॉटसमोर ठेवला. म्हणाली, तुला जाता येत नाही ना, मग बोधिवृक्षच तुझ्याकडे आला. बाईंनी त्याच दिवशी ठरवलं की येत्या बुद्धपौर्णिमेला याच्यापुढेच मेणबत्ती लावायची, खीर करायची आणि सगळ्या इमारतीला वाटायची.

म्हणजे ते झाड पौर्णिमेपर्यंत हिरवंगार राहिलं पाहिजे, एवढंच काम पगारेभाऊंवर आलं. त्यांना ते काम नव्हेच, सुटका वाटली असावी. हॉस्पिटलात त्यांना कुणी काही करू देत नसे. बाहेरच्या बाकावर बसून राहायचं, आत मशीन चालणार. मशिनीचा माणूस असून त्यांना त्या मशिनीला हात लावता येत नव्हता. इथं मात्र जग हातात होता, आणि झाडाला पाणी नको असं कुठल्याही डॉक्टरनं सांगितलेलं नव्हतं.

नर्सरीच्या बाईंनी तेजलला सगळं नीट सांगितलं होतं. मातीत बोटाचं पेर बुडवून बघा, कोरडं लागलं तरच पाणी घाला, आणि घालाल तेव्हा खालच्या भोकांतून बाहेर येईपर्यंत घाला. तेजलनं तसंच्या तसं वडिलांना सांगितलं. त्यातलं शेवटचं तेवढं त्यांनी घेतलं. कोरडं पडू द्यायचं, मग पाणी द्यायचं, हे त्यांच्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं. कोरडं पडल्यावर पाणी द्यायला गेलं तर बॉयलर राहतो का? मी म्हटलं, भाऊ, हे झाड आहे. ते म्हणाले की झाड म्हणजे तरी काय, खालून पाणी वर ओढणारे पाइपच ना. माझ्या घरी एक जास्वंद आणि एक कोरफड, त्यावर मी बोन्सायबद्दल काय बोलणार?

पाणी पडायचं मात्र थांबलं. त्यांनी परातीखाली जुना टॉवेल ठेवला. मी वर जायला लागले, आधी टॉवेल आहे ना ते बघायला आणि मग सवयीनं. ते भाजी आणायला गेले की मी बाईंपाशी बसायची. अशाच एका दुपारी त्या मला म्हणाल्या ते मी विसरू शकत नाही. बाहेर ऊन तापायला लागलं होतं. त्या लिंबाची फोड जिभेवर फिरवत होत्या, तहान मारायला. म्हणाल्या, "उज्वलाताई, झाडाला पाणी घालतानी जो आवाज व्हतो ना, तो मला ऐकवत नाय. घशाला नुसती आग पडते. पण त्याह्यला सांगू नका. तेवढंच एक त्यांच्या हातात हे."

मी कुणाला काही सांगायचं सोडत नाही अशी माझी ख्याती आहे, आणि ती खोटी नाही. पण हे मी गिळलं. सांगितलं असतं तर त्या माणसाच्या हातून जग गळून पडला असता. नाही सांगितलं तर बाई रोज तीन वेळा तो आवाज ऐकत राहणार. यात मी काय करायला हवं होतं, ते मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

मग पानं पिवळी पडू लागली.

आधी कुणी घाबरलं नाही. त्या दिवसांत सगळेच पिंपळ पानं टाकतात. रस्त्याच्या कडेचा मोठा पिंपळही तेव्हा खराट्यासारखा झाला होता. पगारेभाऊ मला गच्चीवर घेऊन गेले आणि तो दाखवून म्हणाले, "बघा, त्याचंबी तेच हे." खाली येऊन त्यांनी एक जग जास्त घातला. पान पिवळं म्हणजे पाणी कमी, हे त्यांनी धरून ठेवलेलं. रोज सकाळी परातीत पडलेली पानं उचलायचे, पुसायचे आणि बुद्धाच्या मूर्तीपाशी ठेवायचे. बाई कॉटवरून बघत राहायच्या.

चैत्र लागला. रस्त्यावरच्या पिंपळाला तांबूस, चकचकीत पालवी आली. चार दिवसांत झाड असं भरलं की बघत राहावं. घरातल्या पिंपळाच्या फांद्यांच्या टोकाला मात्र जे कोंब होते ते तसेच राहिले, मग काळे पडले. पगारेभाऊंनी कुंडी खिडकीच्या उजव्या कोपऱ्यातून डाव्यात नेली. फिल्टरचं पाणी घालून बघितलं. नळाचं पाणी रात्रभर ठेवून घालून बघितलं. कुणी सांगितलं म्हणून तांदळाचं धुवण घातलं. हॉस्पिटलात जाताना माझ्याकडे किल्ली देऊन, नोकरीत शिफ्ट बदलताना सांगत तसं सगळं सांगून जायचे. लेव्हल खाली जाऊ देऊ नका, एवढं दारातून पुन्हा म्हणायचे. मी भरत होते. हो, मीही भरत होते. मला कुठं कळत होतं?

एकदा बाईंना डायलिसिसच्या मधल्या दिवशीच धाप लागली. रिक्षा करून नेलं. फुफ्फुसांत पाणी झालं होतं. डॉक्टर पगारेभाऊंवर चिडले की हिला पाणी कोण पाजतंय. कुणी पाजत नव्हतं. बाईंनीच सांगितलं, की मीच उठून माठातून दोनदा प्यायले, मला राहवलं नाही. घरी आल्यावर पगारेभाऊंनी माठ उचलून माझ्याकडे आणून ठेवला. तो माठ माझ्या ओट्यावर आला आणि मला त्यातलं पाणी प्यायला जड जाऊ लागलं.

बुद्धपौर्णिमा जवळ आली तशी तेजल रजा काढून घरी आली. झाड बघून तिनं सरळ नर्सरीच्या बाईंना व्हिडिओ कॉल लावला. बाईंनी कुंडी बघितली, परात बघितली. मग म्हणाल्या, झाड कुंडीतून बाहेर काढा. मी तेव्हा तिथंच होते. पगारेभाऊंनी कुंडी जमिनीवर वर्तमानपत्रावर घेतली, कडेनं सुरी फिरवली आणि खोड धरून उचललं. झाड विनासायास हातात आलं, त्याला कशानं धरूनच ठेवलेलं नव्हतं. गटारासारखा वास सुटला. मुळं काळी, बुळबुळीत, बोट लावलं की साल निघून हातात येत होती. फोनमधून बाई सांगत होत्या की मुळांना हवा लागते, सतत पाण्यात राहिली तर ती गुदमरतात आणि कुजतात. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून पानं पिवळी पडतात. आणि पानं पिवळी पडली की लोक आणखी पाणी घालतात. असं खूप जणांचं होतं, पहिल्या झाडाचं तर हमखास होतं, असंही म्हणाल्या. समजूत म्हणून म्हणाल्या असतील.

पगारेभाऊ वर्तमानपत्राशेजारी फरशीवर बसले. काळे हात मांडीवर. बराच वेळ परातीवरच्या रेघेकडे बघत होते. मग म्हणाले, "ड्रमला दोन रेघा ऱ्हात्या. एक खालची, एक वरची. पाणी लय झालं तरी बंद पडतं, वाफेसंगं पाणी जाऊन पुढं टर्बाइनच्या पात्यांचा चुरा व्हतो. नोकरीभर मी दोन्ही रेघा बघितल्या. हितं एकच ओढली."

तेजल "पप्पा, जाऊ द्या ना" म्हणत होती. ते ऐकत नव्हते. बायकोकडे बघत होते. पाण्याला बाहेर पडायला वाट नाही म्हणजे काय होतं, ते डॉक्टरांनी त्यांना किती वेळा सांगितलं असेल. ते तेव्हा त्यांना आत कुठंतरी लागलं असावं, असं मला त्यांच्या तोंडावरून वाटलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते पुसायला हात काळे होते.

कॉटवरून बाई म्हणाल्या, "राहू द्या हो. पाणीच घातलं ना, इख तर नाय घातलं."

काळी मुळं कापली. कुजलेलं होतं ते सगळं गेलं, उरली ती दोन-तीन बारीक, पांढरट मुळं. बारीक खडी आणि विटांचा चुरा घालून झाड पुन्हा कुंडीत बसवलं. परात घासून स्वयंपाकघरात गेली. नर्सरीच्या बाईंनी सांगितलं की आता काहीही करायचं नाही. वर कोरडं लागल्याशिवाय थेंबभरही पाणी नाही, खत नाही, हलवाहलव नाही, नुसती वाट बघायची. जिवंत आहे का बघायचं असेल तर खोडाला नखानं थोडं खरवडा, आत हिरवं दिसलं तर आहे, तपकिरी दिसलं तर नाही. फोन ठेवल्यावर तेजलनं नख पुढं केलं आणि मागं घेतलं. मीही पुढे झाले नाही. पगारेभाऊ तर तिकडे बघतच नव्हते. कुणी खरवडलं नाही.

बुद्धपौर्णिमा आली. सकाळी पांढरी साडी नेसून बाई कॉटच्या कडेला बसल्या. झाड समोर होतं, म्हणजे खोड आणि काड्या. पान एकही नाही. तेजलनं मला विचारलं की मावशी, असं बोडकं झाड पुढे ठेवायचं का? बाईंनीच ठेवायला लावलं. त्यांनी मेणबत्ती लावली, तिघांनी वंदना म्हटली, मी मागे हात जोडून उभी राहिले. खीर झाली होती. बाईंनी सगळ्या इमारतीला वाटी पाठवली आणि स्वतः अर्धा चमचा घेतला. मग झाडाकडे बघून म्हणाल्या की बरं झालं, आता आमचं दोघांचं पथ्य एकच. आम्ही हसलो. पगारेभाऊ हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तेजल पुण्याला गेली. मी वर गेले तेव्हा पगारेभाऊ बायकोच्या पायाशी बसले होते. ते रोज सकाळी असं करतात, हे मला आता माहीत आहे. घोट्यावर अंगठा दाबायचा आणि उचलायचा. खळगा पडला आणि तसाच राहिला तर पायात पाणी उतरलेलं आहे. खळगा राहिला होता. मग ते उठून खिडकीपाशी गेले आणि कुंडीतल्या चुऱ्यात बोट घालून बघितलं. तिथंही ओलच होती. एकीकडे पाणी काढता येत नव्हतं, दुसरीकडे घालता येत नव्हतं. ते खिडकीपाशी नुसते उभे राहिले. बाई मला म्हणाल्या की घरात पाण्याचा आवाज नाही तर आता करमत नाही. ते ऐकून पगारेभाऊंनी मान वळवली. मी थोडं बसून खाली आले.

पोळ्या करायला घेतल्या आणि बेल वाजली. दारात पगारेभाऊ. हातात तोच जग, काठोकाठ भरलेला. सवयीनं भरला असणार, आणि भरल्यावर आठवलं असणार. जिन्यात थोडं सांडलंही होतं. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "ताई, तुमच्या जास्वंदीला घालू का?"

जास्वंदीला मी सकाळीच पाणी घातलं होतं, कुंडीखालची ताटली अजून ओली होती. मी बाजूला झाले आणि म्हणाले, "घाला, भाऊ."